एमबीए प्रवेशाची मुलाखत, तयारी आणि नंतरचा पाठपुरावा: नागपूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅट या एमबीए प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की हे प्रश्न सुरू होतात आणि वेटलिस्ट हलायची थांबेपर्यंत येतच राहतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. तारखा, गुणांचं वजन आणि दाखल्यांचे नमुने दरवर्षी बदलू शकतात. त्यासाठी संस्थेचं त्या वर्षीचं प्रवेश धोरण आणि तुम्हाला आलेलं कॉल लेटर, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं, हेच प्रमाण माना.

१. कॉल आला आहे. त्या दिवशी नेमकं काय काय होतं?

आधी कागदपत्रांची तपासणी होते. मग बऱ्याच ठिकाणी वॅट, म्हणजे छोटी लेखी चाचणी, आणि शेवटी पीआय, म्हणजे प्रत्यक्ष मुलाखत. मुलाखत साधारण १५ ते २५ मिनिटं चालते. समोर दोन किंवा तीन जण असतात: बहुतेक वेळा प्राध्यापक, कधी सोबत माजी विद्यार्थी किंवा उद्योगातली व्यक्ती. गटचर्चा आयआयएममधून जवळजवळ गेली आहे, काही खासगी संस्था मात्र अजून घेतात. कॉल लेटरमध्ये ते लिहिलेलं असतं, तेवढं नीट वाचा.

रिपोर्टिंग सकाळी ९ ला असलं तरी तुमचा नंबर दुपारी १ नंतरही लागू शकतो. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी जवळ ठेवा. उपाशीपोटी चार तास बसलेला उमेदवार आत गेल्यावर लगेच ओळखू येतो.

२. मी फक्त सीईटी दिली आहे. मलाही मुलाखत असेल का?

राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीकृत प्रवेश, फेऱ्यांमधून होणारा प्रवेश गुणवत्ता यादी आणि तुम्ही भरलेल्या पर्यायांच्या क्रमावर होतो. तिथे मुलाखत नसते. संस्था स्तरावरच्या जागांसाठी वेगळा अर्ज करत असाल, तर काही महाविद्यालयं मुलाखत घेतात.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. काही नव्या आयआयएम मिळून एकच मुलाखत घेतात आणि त्या प्रक्रियेलाही कॅपच म्हणतात. ती कॅटवर आधारित असते आणि तिच्यात मुलाखत असतेच. शहरातल्या संस्थांपैकी मिहानमधली आयआयएम कॅटवर बोलावते, वाठोड्यातली सिम्बायोसिसची एसआयबीएम स्नॅप या सिम्बायोसिसच्याच प्रवेश परीक्षेवर. काटोल रोडवरची आयएमटी एकाहून जास्त परीक्षांचे गुण घेते.

३. ९५ पर्सेंटाइल असेल तर मुलाखत नुसती औपचारिकता असते ना?

नाही. कॉल कोणाला द्यायचा हे प्रामुख्याने पर्सेंटाइल ठरवतं. कॉलनंतर अंतिम यादीसाठी कॅटचे गुण, पीआय, वॅट, दहावी-बारावी-पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि काही ठिकाणी मुली व बिगर-इंजिनिअर उमेदवारांसाठीचे गुण, असा नवा हिशोब मांडला जातो. हे वजन प्रत्येक संस्था आपल्या प्रवेश धोरणात छापते. ते काढा, आपले ठरलेले गुण त्यात घाला आणि हातात काय उरतं ते पाहा. दहावी-बारावीचं आता काही करता येत नाही. उरतात पीआय आणि वॅट.

४. तयारीला किती दिवस लागतात?

रोज दोन तास देता येत असतील तर तीन आठवडे पुरतात.

पहिला आठवडा पूर्णपणे स्वतःच्या अर्जाला द्या. संस्थेला पाठवलेल्या फॉर्मची आणि एसओपीची (प्रवेश का हवा हे सांगणाऱ्या निवेदनाची) प्रिंट घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर त्यातून निघतील असे तीन प्रश्न पेन्सिलने लिहा. "कॉलेजच्या फेस्टचा कोषाध्यक्ष" लिहिलंय? मग बजेट किती होतं, तूट आली का, हिशोब कोणी तपासला? बहुतेक मुलाखती या प्रिंटमधूनच चालतात आणि बहुतेक मुलं मात्र चालू घडामोडींच्या पीडीएफ पाठ करत बसतात. क्रम उलटा करा.

दुसऱ्या आठवड्यात पदवीचे विषय (प्रश्न ७) आणि कामाचा अनुभव (प्रश्न ९) घ्या. तिसऱ्यात रोज एक वॅट आणि जमेल त्या दिवशी एक सराव मुलाखत. सराव मुलाखती चार-पाच पुरतात, पण दर वेळी वेगळ्या माणसासमोर. एकाच क्लासच्या एकाच सरांसमोर दहा वेळा बसलात तर त्यांच्या प्रश्नांची सवय होते, मुलाखतीची नाही. वर्तमानपत्र तिन्ही आठवडे रोज: संपादकीय पान आणि अर्थविषयक पान.

५. "स्वतःबद्दल सांगा" याचं उत्तर पाठ करावं का?

मुद्दे पाठ करा, वाक्यं नाही. लांबी ६० ते ९० सेकंद. "मायसेल्फ अमुक" अशी सुरुवात टाळा. वडिलांचा व्यवसाय, भावंडं, दहावीचे टक्के ही माहिती पॅनेलच्या हातात असतेच.

एक नमुना पाहा. बोलायचं इंग्रजीत आहे, इथे फक्त आशय दिला आहे: "मी यवतमाळचा. नागपुरात मेकॅनिकल केलं आणि गेली दोन वर्षं बुटीबोरीत देखभाल विभागात आहे. माझ्याकडे सहा मशीनची एक लाइन आहे. मागच्या वर्षी ती बंद राहण्याचा वेळ महिन्याला ४० तासांवरून २६ वर आला. त्यात सुट्या भागांचा साठा किती ठेवायचा हे ठरवण्याचं काम माझं होतं. साठ्यात पैसा अडकतो म्हणून वित्त विभागाशी वाद झाला, आणि त्यांची बाजू मला पूर्ण समजत नव्हती."

यातला प्रत्येक आकडा पुढचा प्रश्न ओढून आणतो. ४० वरून २६ म्हणजे किती टक्के? (३५ टक्के, हे तोंडी यायला हवं.) बंद वेळ कसा मोजला? साठा वाढवून किती पैसा अडकला? शेवटच्या वाक्यातून "एमबीए का" हा प्रश्न आपोआप येतो आणि त्याची जमीनही तयार असते. असे प्रश्न तुम्हाला हवेच आहेत, कारण त्यांची उत्तरं तुमच्याइतकी दुसऱ्या कोणालाच माहीत नाहीत.

६. "एमबीए का?" याला पटेल असं उत्तर काय द्यावं?

"नेतृत्वगुण वाढवण्यासाठी" हे उत्तर पॅनेल दिवसभर ऐकत असतं. उत्तरात तीन गोष्टी आणा: आज काय करता, पुढे कोणतं काम करायचं आहे, आणि त्या दोघांमध्ये कोणती नेमकी उणीव आहे. उणीव नेमकी सांगा, जसं वर साठा आणि खेळतं भांडवल. मग त्या संस्थेतला कोणता विषय ती भरतो ते सांगा. त्यासाठी संस्थेच्या संकेतस्थळावरची विषयांची यादी एकदा तरी उघडून वाचलेली हवी. फ्रेशर असाल तर इंटर्नशिप, घरचं दुकान, शेती यांतून उणीव दाखवता येते. घरचा व्यवसाय पुढे न्यायचा असेल तर तसं खुलेपणाने म्हणा. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला आहे: मग प्लेसमेंटला बसणार का?

७. पदवीच्या विषयांवर किती खोल विचारतात?

सगळ्या आठ सेमिस्टरचं कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा "आवडते विषय कोणते" असं विचारून तिथेच खणतात. तीन विषय निवडा. त्यांची मूळ तत्त्वं, एक आकडेमोड आणि रोजच्या जगातला एक उपयोग एवढं पक्कं करा.

सिव्हिलवाल्यांना नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर विचारलं जाऊ शकतं: सांधे का ठेवतात, क्युरिंग का लागतं, डांबरी रस्त्यापेक्षा सुरुवातीचा खर्च जास्त असूनही तो का निवडतात, आणि रस्ता उंच झाल्यावर पावसाचं पाणी कुठे जातं. बीकॉमला तरतूद आणि राखीव निधी यांतला फरक, घसाऱ्याची पद्धत बदलली तर नफ्यावर होणारा परिणाम, रेपो दर वाढला की घराचा हप्ता का वाढतो. संगणकवाल्यांना डेटाबेसमध्ये इंडेक्स लावल्याने काय वेगवान होतं आणि काय मंदावतं. बीएससी ॲग्रीला गुलाबी बोंडअळी, हमीभाव, कोरडवाहू कापसाचा एकरी खर्च. बीफार्मला जेनेरिक आणि ब्रँडेड औषध सारखंच काम करतं हे कसं सिद्ध करतात. बीए केलेल्यांनी आपला विषय व्यवस्थापनाशी ओढूनताणून जोडू नये. इतिहास घेतला असेल तर इतिहासच नीट बोला.

न आवडणारा विषय कोणता, असंही विचारतात. त्याचं कारण "सरांनी नीट शिकवलं नाही" असं देऊ नका.

८. मी नागपूरचा आहे. शहराबद्दल काय तयारी करू?

पॅनेल बाहेरचं असेल तर हा प्रश्न हमखास येतो, कारण तो सोपा वाटतो. इथे संत्री, झिरो माइल आणि तर्री पोहे एवढ्यावर थांबणारी मुलं बरीच. प्रत्येक मुद्द्याची वस्तुस्थिती, त्यामागचं कारण आणि तुमचं मत असे तीन थर तयार ठेवा.

संत्र्याचंच घ्या. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे आणि आंबिया व मृग असे दोन बहार येतात. इतकं पीक असूनही रसाचे मोठे कारखाने इतके कमी का? हे फळ ताजं खायला उत्तम. साल सैल, त्यामुळे वाहतुकीत जपावं लागतं. बिया असतात आणि रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवटपणा येतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की इथला भाव पडतो. यातून बाजारपेठ, साठवण, प्रक्रिया असे व्यवस्थापनाचे प्रश्न निघतात आणि मुलाखत तुमच्या अंगणात येते.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. मालवाहतूकदाराला वाचलेला वेळ आणि टोल यांचं गणित मांडता येतं का पाहा. मिहान, बुटीबोरी, कोराडीची वीज, इथे मुख्यालय असलेल्या कोळशाची वेकोलि आणि मँगनीजची मॉईल या कंपन्या, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल, १९५३ चा नागपूर करार आणि त्यातून आलेलं हिवाळी अधिवेशन, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी: एवढं तरी ठाऊक हवं. वेगळ्या विदर्भावर मत विचारलं तर मत द्या, पण दोन्ही बाजूंचा एकेक आर्थिक मुद्दा सांगून. झिरो माइलचा दगड ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाचा आहे. "हाच भारताचा अचूक मध्यबिंदू" असं ठासून सांगू नका.

मुलाखत आयआयएम नागपूरची असेल तर हेही माहीत हवं: स्थापना २०१५, सुरुवातीला आयआयएम अहमदाबादचं मार्गदर्शन, वर्ग व्हीएनआयटीच्या आवारात, आणि मे २०२२ पासून मिहानमधला स्वतःचा परिसर.

गाव चंद्रपूर, गोंदिया, वाशीम असेल तर हीच पद्धत तिथे लावा. "मी नागपूरजवळचा" असं म्हणून गाव लपवू नका.

९. कामाचा अनुभव आहे. तिथलं किती सांगायचं?

तुमचं काम, तुमची टीम, कंपनी पैसे कशातून कमावते आणि स्पर्धक कोण, या क्रमाने तयारी करा. शेवटचे दोन मुद्दे आयटीतल्या मुलांना हमखास अडवतात. दोन वर्षं एका ग्राहकासाठी कोड लिहिलेला असतो, पण तो ग्राहक नेमका काय विकतो हे सांगता येत नाही. ग्राहकाचं नाव आणि गोपनीय आकडे सांगू नका. "एक युरोपीय विमा कंपनी" एवढं पुरे. गुप्ततेच्या कारणाने नाव सांगत नाही असं म्हटलं तर पॅनेल त्याचा मान ठेवतं.

१०. मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजी अडखळतं. संपलं का सगळं?

अजिबात नाही. मोजलं जातं ते मुद्दा कळतो का हे. उच्चार कसे आहेत यावर कोणी गुण कापत नाही. छोटी वाक्यं वापरा: एका वाक्यात एक मुद्दा. रोज २० मिनिटं मोबाइलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐका. पहिल्या आठवड्यात ऐकवणार नाही, तरी ऐका. "ॲक्चुअली", "बेसिकली" किती वेळा आलं ते मोजा. घरी मराठीत विचार करून मग भाषांतर करायची सवय असेल तर आपल्या विषयातले १००-१५० नेहमीचे शब्द थेट इंग्रजी वाक्यात वापरून घोटा.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. न कळता दिलेलं लांब उत्तर सगळ्यात महाग पडतं. मध्येच शब्द अडला तर "हा एक मुद्दा हिंदीत सांगू का" असं विचारता येतं. एकदा चालतं, दर मिनिटाला नाही. इंग्रजीसाठी पाठ केलेले मोठाले शब्द मात्र नकोतच, कारण त्यांचा अर्थ विचारला की सगळंच ढासळतं.

११. बारावीत कमी गुण, एक वर्षाचा गॅप, दोन बॅकलॉग. लपवू का?

कागदावर दिसतंच, लपणार कुठे? तीस सेकंदात सांगा: काय झालं, तुमची जबाबदारी किती, त्यानंतर काय बदललं. "काय बदललं" याला पुरावा हवा, म्हणजे नंतरच्या सेमिस्टरचे गुण, नोकरी किंवा प्रमाणपत्र. घरातलं आजारपण हे कारण असेल तर साधेपणाने सांगा. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत वर्ष गेलं असेल तर तेही लाजेचं नाही. फक्त "मग आता पुन्हा एमपीएससी देणार का" याचं उत्तर तयार ठेवा.

१२. उत्तर येत नसेल तर?

"माहीत नाही" म्हणा आणि थांबा. अंदाज बांधायची तयारी असेल तर "खात्री नाही, पण असा विचार करून पाहतो" म्हणून पायऱ्या मोठ्याने बोला. "नागपुरात रोज किती किलो पोहे खपतात" अशा प्रश्नात उत्तर दुय्यम असतं. लोकसंख्या, त्यातले किती जण सकाळी पोहे खातात, एका प्लेटला किती ग्रॅम, ही साखळी हवी. सलग चार प्रश्नांना "माहीत नाही" आलं तरी चेहरा पडू देऊ नका. पॅनेल बहुधा तुमची हद्द कुठे आहे ते शोधत असतं.

१३. छंदात "वाचन" लिहिलं आहे. चालेल?

वाचत असाल तर चालेल. शेवटचं पुस्तक, त्यातला न पटलेला मुद्दा आणि आत्ता हातात काय आहे, एवढं सांगता आलं पाहिजे. क्रिकेट लिहिलं असेल तर विदर्भाची रणजी विजेतेपदं (२०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५) माहीत हवीत.

१४. वॅटमध्ये काय लिहावं?

वेळ साधारण २० ते ३० मिनिटं आणि मजकूर २५० ते ३०० शब्द. पहिली चार मिनिटं फक्त मुद्दे काढा. पहिल्याच परिच्छेदात आपली बाजू सांगा, मग दोन मुद्दे उदाहरणासह, मग विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आणि त्यावर तुमचं उत्तर. शेवटची तीन मिनिटं वाचून पाहायला ठेवा. सुविचाराने सुरुवात करू नका. आकडा नक्की आठवत नसेल तर लिहू नका. पीआयमध्ये पॅनेलसमोर तुमचा वॅट असू शकतो आणि त्यावर प्रश्न येतात, म्हणून लिहिलेलं लक्षात ठेवा.

१५. कोणती कागदपत्रं न्यायची?

कॉल लेटरमधल्या यादीच्या क्रमानेच फाइल लावा. साधारणपणे कॉल लेटर, फोटो ओळखपत्र, कॅटचं स्कोअरकार्ड, दहावी, बारावी आणि प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, प्रवर्गाचा दाखला आणि फोटो लागतात. मूळ प्रती एका फाइलमध्ये, स्वतः सही केलेले झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाइलमध्ये.

दोन ठिकाणी हमखास अडतं. चालू नोकरी असेल तर नुसतं ऑफर लेटर पुरत नाही, रुजू झाल्याची तारीख असलेलं पत्र आणि अलीकडच्या पगारपावत्या लागतात. आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आधारशी जुळत नाही: कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. फरक मोठा असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

१६. माझ्याकडे ओबीसीचा दाखला आहे. आयआयएमला चालेल ना?

जातीचा दाखला एकटा चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेल्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करताना "केंद्रासाठी" असं स्पष्ट सांगा. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हेही तपासा, कारण राज्याची आणि केंद्राची यादी तंतोतंत सारखी नाही. अनेक संस्था प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं प्रमाणपत्र मागतात. मे महिन्यात तहसीलला गर्दी उसळते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.

१७. एसईबीसी प्रवर्गाचं काय?

एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, हा राज्याचा प्रवर्ग आहे. राज्याच्या प्रवेशांत चालतो, आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थांत नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) निकषांत बसत असाल तर त्या नमुन्याचा दाखला वेगळा काढावा लागतो, आणि त्यात शेतीचं उत्पन्नही मोजलं जातं. कॅटच्या फॉर्ममध्ये भरलेला प्रवर्ग नोंदणी संपल्यावर बदलता येत नाही. म्हणून हा विचार मुलाखतीच्या नव्हे, फॉर्मच्या वेळीच करायचा.

१८. शेवटच्या वर्षाला आहे आणि निकाल उशिरा लागतो. शिवाय सीजीपीएचे टक्के कसे काढू?

शेवटच्या वर्षाच्या उमेदवारांना मुलाखतीला बसता येतं. आयआयएममध्ये प्रवेश तात्पुरता असतो. पदवीच्या सर्व अटी ३० जूनपर्यंत पूर्ण झाल्याचं प्राचार्य किंवा कुलसचिवांचं पत्र द्यावं लागतं आणि गुणपत्रिका त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे ३१ डिसेंबरपर्यंत. बॅकलॉग राहिला असेल तर हे पत्र मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्या. सीजीपीएसाठी विद्यापीठाचं अधिकृत सूत्र असेल तर तेच वापरा आणि त्याचं पत्र किंवा मार्कशीटमागची छापील टीप जोडा. सूत्रच नसेल तर कॅटच्या नियमाप्रमाणे मिळालेला सीजीपीए भागिले कमाल सीजीपीए गुणिले १००. स्वतःच्या मनाने ९.५ ने गुणू नका. फॉर्ममधले आणि कागदावरचे टक्के जुळले नाहीत तर कॉल रद्द होऊ शकतो.

१९. एप्रिलच्या उन्हात ब्लेझर घालायलाच हवा का?

फिकट शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बूट. ब्लेझर असल्यास हातात घेऊन जा आणि आत जाण्याआधी घाला. मुलींना फॉर्मल शर्ट-पँट, साधी साडी किंवा सलवार-कुर्ता, जे अंगवळणी पडलं असेल ते. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

२०. केंद्रावर कसं पोहोचायचं?

मिहानसाठी मेट्रोच्या ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत जाता येतं, पुढे ऑटो किंवा कॅब. पूर्व-पश्चिम ॲक्वा लाइनवरून येणाऱ्यांनी सीताबर्डीला बदलायचं. खापरीहून कॅब लगेच मिळेल असं धरून चालू नका, अर्धा तास हाताशी ठेवा. मुंबई-पुण्याला जात असाल तर मुलाखतीच्या दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी पकडू नका. आदल्या दिवशीच पोहोचा.

२१. मुलाखत ऑनलाइन आहे. लाइट गेली तर?

राउटर इन्व्हर्टरवर आहे का ते मेन स्विच बंद करून तपासा. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरवर फक्त पंखे-दिवे असतात. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून पाहा. महावितरणचे देखभाल बंदचे संदेश आदल्या दिवशी वाचा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, कूलर बंद: कूलरचा आवाज माइकमध्ये घरघर करतो. संपर्क तुटला तर लगेच पुन्हा जोडा आणि कॉल लेटरमधल्या क्रमांकावर कळवा. पडद्यावर नोट्स उघडून ठेवू नका, नजर सरकलेली दिसते.

२२. दोन संस्थांच्या मुलाखती एकाच दिवशी आल्या आहेत.

कॉल लेटर मिळाल्यापासून एक-दोन दिवसांत दोन्हींपैकी एका संस्थेला, सहसा जिच्या तारखा जास्त दिवस चालणार आहेत तिला, मेल करा. दुसरं कॉल लेटर जोडा आणि तुम्हाला चालतील अशा दोन तारखा द्या. बदल मिळेलच असं नाही, आणि शेवटच्या तीन दिवसांत मागितला तर जवळजवळ नक्कीच मिळत नाही.

२३. मुलाखत झाली. आता लगेच काय करू?

बाहेर पडल्यावर तासाभरात सगळे प्रश्न क्रमाने लिहून काढा: काय विचारलं, काय उत्तर दिलं, कुठे अडलो. पुढची मुलाखत आठवड्यावर असेल तर यापेक्षा चांगला अभ्यास नाही. अडलेले प्रश्न त्याच रात्री शोधून काढा, पुढच्या पॅनेलकडून ते पुन्हा येतात. मग थांबा. ग्रुपवर "तुला किती वेळ बसवलं" यावरून निकालाचा अंदाज बांधू नका. १२ मिनिटांच्या मुलाखतीतूनही निवड होते.

२४. आभाराचा मेल पाठवावा का?

आयआयएम आणि मोठ्या केंद्रीय प्रक्रियांमध्ये नको. पॅनेलचे पत्ते तुम्हाला दिलेले नसतात, ते शोधून काढणं बरं दिसत नाही, आणि गुण त्याच दिवशी नोंदले गेलेले असतात. परदेशी संस्थेच्या माजी विद्यार्थ्याने किंवा प्रवेश अधिकाऱ्याने स्वतःच्या मेलवरून वेळ ठरवून मुलाखत घेतली असेल तर २४ तासांत पाठवा. चार-पाच ओळी: वेळ दिल्याबद्दल आभार, संभाषणातला एक नेमका मुद्दा, त्यावर तुम्हाला नंतर सुचलेलं एक वाक्य, पूर्ण नाव. "माझी निवड व्हावी ही विनंती" लिहू नका, सीव्ही पुन्हा जोडू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलची गोष्ट वेगळी आहे: तिथे मुलाखतीनंतर २४ तासांत लेखी मनोगत देणं हा बरीच वर्षं प्रक्रियेचाच भाग होता. तुमच्या निमंत्रणात तसं मागितलं असेल तर त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका.

२५. मुलाखतीत एक माहिती चुकीची सांगितली. कळवू का?

रेपो दर चुकला असेल तर सोडून द्या. स्वतःबद्दलची वस्तुस्थिती चुकली असेल, म्हणजे अनुभवाचे महिने, टक्के, पद, तर प्रवेश कार्यालयाला अर्ज क्रमांकासह तीन ओळींचा मेल करा. पडताळणीत ते सापडण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

२६. वेटलिस्टमध्ये नाव आहे. ती हलते का?

हलते. एकाच मुलाकडे चार-पाच ऑफर असतात आणि तो शेवटी एकच घेतो. प्रत्येक संस्थेची फी भरण्याची मुदत संपली की खालची नावं वर सरकतात, बहुतेक हालचाल मे-जूनमध्ये. मात्र ऑफर आल्यावर उत्तराला कधी दोन-तीनच दिवस मिळतात. रोज मेल आणि स्पॅम पाहा, पोर्टलमधला "अजून इच्छुक आहे" हा पर्याय मुदतीत भरा. पैसेही आधी जमवा. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण १ लाख असते (शिक्षणसंस्थेच्या फीसाठी ती ५ लाखांपर्यंत असू शकते, बँकेत विचारा) आणि नव्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम अनेक बँका जाऊ देत नाहीत, म्हणून संस्थेचं खातं आधीच जोडून ठेवा. शैक्षणिक कर्जाचा अर्जही ऑफरची वाट न पाहता कागद गोळा करून तयार ठेवा. क्रमांक कधी वर सरकेल असं विचारायला कार्यालयात रोज फोन करून काही हाती लागत नाही.

२७. एका ठिकाणी फी भरली आणि नंतर दुसरीकडून ऑफर आली. पैसे बुडतात का?

संस्था कोणाच्या नियंत्रणाखाली आहे त्यावर अवलंबून आहे. एआयसीटीई (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यताप्राप्त संस्थेतून ठरलेल्या मुदतीआधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून १,००० रुपयांपर्यंत कापून बाकी परत मिळायला हवेत. आयआयएमचे नियम स्वतंत्र आहेत, ते ऑफर लेटरमध्ये लिहिलेले असतात आणि तारखेप्रमाणे परताव्याची रक्कम कमी होत जाते. त्यामुळे आधी नव्या ठिकाणची जागा पैसे भरून पक्की करा, पावती हातात घ्या आणि त्याच दिवशी जुन्या ठिकाणी रद्द करण्याचा अर्ज मेल आणि पोर्टल दोन्हींवरून द्या. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही. मूळ मार्कशीट आणि टीसी पडताळणी झाली की परत मागून घ्या. फी परत करायची नाही म्हणून ते अडवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही.